शेंदराच्या देवाचं नाव

प्रिय जिजी,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा कधी लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं तुला मुळीच आवडत नव्हतं. ते का आवडत नव्हतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. पण आज राहवत नाही. आज सकाळी आपल्या गावात, शाळेसमोरच्या त्या दगडावर, लढाईत कामी आलेल्यांच्या यादीत आजोबांचं नाव आलं.

हो, तोच दगड. ज्याच्यासमोरून जाताना तू पदर पुढे ओढायचीस आणि माझा हात धरून भराभर चालायचीस.

मी इथे चंडीगडला, पासपोर्टच्या ऑफिसात बसून मोबाईलवर सगळं पाहिलं. रजा मिळाली नाही म्हणून आधी चिडले होते, पण एका परीने बरंच झालं. काउंटर उघडायला अर्धा तास होता, आमचा सगळा सेक्शन माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बाबांनी दगडाला हार घातला तेव्हा हरप्रीत, माझी शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण, माझ्याआधी रडली. मग तिनेच लाडू मागवले. "मॅडमजी, शहीद के घर की हो और आठ साल से छुपा के बैठी हो?" असं म्हणाली.

काय उत्तर देणार होते मी तिला? या शहरात दर दुसऱ्या घरात फौजेतला कुणीतरी असतो. नवीन ओळख झाली की लोक पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, आपके यहाँ फौज में कोई है जी? आणि मी आठ वर्षं न अडखळता सांगत आले, नहीं जी, कोई नहीं. जिजी, त्या प्रत्येक 'नहीं जी'ची मला आज लाज वाटते.

पण मला तरी काय माहीत होतं? गावाला जे माहीत होतं, तेच. मारुती शिंगटे दुसऱ्या महायुद्धात लढाईला गेला, साहेबांच्या देशात पोचला आणि तिथून पळाला. तू तालुक्याला जाऊन अर्ज लिहून घेतलास, पलटणीकडून इंग्रजीत उत्तर आलं, मास्तरांनी चावडीत सगळ्यांसमोर वाचलं: असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. झालं. तेव्हापासून तू पळपुट्याची बायको आणि बाबा पळपुट्याचं पोर. बाबांनी अठराव्या वर्षी भरतीला जायचं म्हटलं, तर लोक हसले, म्हणाले बापासारखा माघारी पळशील. ते गेले नाहीत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली आणि सगळा जन्म मान खाली घालून काढला.

तुला आठवतं, मी चौथीत होते, शाळेत वंशावळ काढून आणायला सांगितली होती? चुलीपुढे बसून तुला विचारलं, आजोबांचं नाव काय. तू तर नवऱ्याचं नाव घेणार नव्हतीस. म्हणालीस, "शेंदूर लावत्यात बघ, त्या देवाचं." मी ऐटीत गणपती लिहिलं. संध्याकाळी बाबांनी खोडून मारुती केलं. आणि मी शहाणी, लगेच तुला विचारलं, "जिजी, आजोबा खरंच पळाले का गं?" तू भाकरी थापायची थांबलीस. त्या प्रश्नाची माफी मागायची राहूनच गेली.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. माझ्या काउंटरवर मनीमाजऱ्याच्या एक आजी आल्या. मुलाकडे कॅनडाला निघालेल्या. फॉर्मवर नवऱ्याचं नाव मोहनलाल, आधारवर मुरारीलाल. आमचं कामच ते, दोन कागदांवर दोन नावं दिसली की माणसाला परत पाठवायचं. मी विचारलं, पती का नाम क्या है माताजी? त्यांनी ओढणी तोंडावर धरली. पुन्हा विचारलं. तर म्हणतात, "वो बंसी वाले ना बेटा, वही."

दुकानात फॉर्म भरून देणाऱ्याला त्यांनी हेच सांगितलं होतं. त्याने आपल्या मनाने मोहनलाल ठोकून दिलं होतं.

मी हसायला लागले, आणि हसता हसता तू आठवलीस. जिजी, शेंदूर तर गणपतीलाही लावतात! चौथीतल्या पोरीची चूक झाली, मग तालुक्याच्या अर्ज लिहिणाऱ्याची का होणार नाही?

त्या आजींचा फॉर्म तिथेच दुरुस्त करून दिला. जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन लावला. तुझ्या ट्रंकेतला तो इंग्रजी कागद काढा आणि फोटो पाठवा, म्हटलं. बाबा भडकले. "कशाला उकरून काढतीस ते? आय गेली, आता मलाबी सुखानं जाऊ दे." तीन दिवस माझा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी एक शब्दही न लिहिता नुसता फोटो पाठवला. चार ओळींचं पत्र. शिपाई गणपती, बाळा शिंगटे याचा मुलगा, या नावाचा कोणीही आमच्या हजेरीत नाही.

गणपती कुठून असणार त्यांच्याकडे! त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. मास्तरांनी मजकूर समजून घेतला, नाव मात्र नीट वाचलं नाही. आणि तू लाजेने तो कागद कुलपात टाकलास तो पुन्हा कुणाला दाखवला नाहीस. एक नाव तोंडातून निघालं असतं तर, जिजी? रागावू नको, पण हे मी तुला विचारणारच. दुसऱ्यांदा अर्ज का नाही केलास? बाबांसाठी तरी?

याचं एक उत्तर मला सुचतं, आणि ते सुचलं की माझा राग जातो. पळालेला माणूस जिवंत असतो. तू शेवटपर्यंत कुंकू लावलंस, हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही तरी लावलंस. मेलेला शूर नवरा तुला नकोच होता का गं? बदनाम असला तरी कुठेतरी भाकरी खात असलेला हवा होता? तसं असेल तर मी आज तुझा तो आधार काढून घेते आहे. सांगायला हवं म्हणून सांगते: ते परत येणारच नव्हते, जिजी. तू बाबांना पाळण्यात घातलंस त्याच वर्षी ते इटलीत पडले.

हे शोधलं तुझ्या पणतीने. माझी इरा पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच देते. त्या लढाईत गेलेल्यांची यादी नेटवर आहे, तिने अर्ध्या तासात मारुती नावाचे सगळे शिपाई काढले. गावाचं नाव इंग्रजीत इतकं वेडंवाकडं लिहिलं होतं की तिने मोठ्याने वाचल्यावरच मला ओळखू आलं. त्या चुकीच्या पत्त्यामुळेच ते गेल्याची तार तुझ्यापर्यंत पोचली नसावी. नदी ओलांडताना पडले, तिथेच अग्नी दिला, म्हणून कबर नाही, भिंतीवर नाव आहे. इरा म्हणाली, "मम्मा, मतलब वो भागे ही नहीं थे. सब गलत बोल रहे थे, इतने साल." आणि आपण होऊन बाबांना फोन लावला. "आजोबा, आपके पापा भागे नहीं थे," असं तिने सांगितलं.

ऐंशी ओलांडलेला माणूस गं तो. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ग्रामसभेत गेला. मी फोनवर सांगितलेलं मराठीत उतरवून घेतलं होतं, तो कागद सरपंचाच्या हातात दिला नाही, स्वतःच उभा राहून वाचला. मग म्हणाला, "माझ्या बानं पाठ दाखवली न्हाई. दगडावर जागा हाय. नाव घाला." एवढंच. सभेत कुणी हसलं नाही. उलट मास्तरांचा नातू उठला आणि कोरायचं काम मी करून घेतो म्हणाला. बाबांनी त्याला पाठीवर थाप दिली. मला वाटलं होतं, ते चार शब्द सुनावतील. पण आपले बाबा जिंकल्यावर भांडत नाहीत, हे मला नव्यानेच कळलं.

आज हार घालताना त्यांची मान कशी ताठ होती ते तू पाहायला हवं होतंस. चंडीमंदिरच्या छावणीतले आमच्या ओळखीचे एक मराठी सुभेदार सुट्टीवर गावाकडे होते, ते मुद्दाम वर्दी घालून आले आणि दगडाला कडक सॅल्यूट ठोकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पण सॅल्यूट केला, डाव्या हाताने! सुभेदारसाहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता एक गोष्ट उरली. ती आजवर फक्त मला आणि इराला माहीत होती, बाबांना मी आज दुपारी सांगितली. त्या यादीत आजोबांच्या नावापुढे एक ओळ आहे. बाळाचा मुलगा, आणि त्यापुढे, हौसाबाईचा नवरा.

तुझं नाव, जिजी. इंग्रजी अक्षरात, सगळ्या जगाला वाचता येईल असं. कुणा कारकुनाने भरतीच्या वेळी विचारलं असेल, घरी कोण आहे. त्या काळात कुठला गडी चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचा? कारभारीण म्हणाला असता, घरातली माणसं म्हणाला असता. मग तुझंही नाव हुकलं असतं. ते ऐकून बाबा म्हणाले, "म्हंजे आमचा बा लाजला न्हाई."

बाबांचा पासपोर्टचा फॉर्म आला आहे. वडिलांच्या नावाचा रकाना त्यांनी कुणाला भरू दिला नाही, स्वतः भरला. थंडी सरली की मी, बाबा आणि इरा इटलीला जाणार. तुला शब्द देते, त्या भिंतीसमोर आम्ही नुसते हात जोडून गप्प उभे राहणार नाही. बाबा आजोबांचं नाव घेतील, मोठ्याने, पूर्ण. आणि त्याला लागून मी तुझं घेईन. लग्नानंतर तुम्हा दोघांची नावं एका दमात कुणी घेतली असतील असं मला वाटत नाही.

तुझी,
सुमन,
शिपाई मारुती बाळा शिंगटे यांची नात