पक्की नोकरी, सात प्रतींत

बोईसर, मंगळवार, १६ जून
सकाळी सव्वासहा

तीर्थरूप झिपरूमामांस,

बोईसरहून भाची सपनाचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तरी पूर्ण वाकून केला असे धरावे). ठकीमामीचा गुडघा कसा आहे? भाताच्या आवणीला तिला चिखलात उतरू देऊ नका. ती ऐकायची नाही, पण मी सांगितले होते एवढे लक्षात असू द्या. शेळी व्याली का? मी खुशाल आहे, म्हणजे जेवते, झोपते, फक्त एका जागी बसवत नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा खाली जाऊन अंकुशदादाचा टेम्पो आला का पाहून आले, तो सातला येतो हे माहीत असून. (दीपा, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवत असशीलच. दाखव, पण मध्ये आपल्या पदरचे घालू नकोस आणि अवघड जागी खोकू नकोस.)

आधी कामाचे. या आठवड्यात पोस्टमन तुम्हाला खाली माझे नाव असलेली तीन पत्रे आणून देईल. तिन्ही छापील असतील, तिन्ही म्हणजे एकच पत्र असेल, आणि तरी तिन्हींत फरक असेल. त्यांतले एकही मी पाठवलेले नाही. हे चौथे मात्र हाताने लिहून अंकुशदादाजवळ देते आहे, म्हणजे टपालाच्या आधी पोचेल. हेच खरे धरावे. असे का झाले ते सांगायला थोडे मागून यावे लागेल.

मे महिन्यात ओट्यावर बसून तुम्ही म्हणालात, ‘सपनीची नोकरी पक्की झाली तं दीपालाबी पालघरच्या कालेजात घालू. नाय तं आवणी सरली का तिला कंपनीत लावू, पॅकिंगला.’ दीपा त्यावर भांडी जोरात घासू लागली. तेव्हापासून माझ्या खुर्चीवर माझ्याबरोबर दीपाही बसलेली असते. आता माझे चाचणीचे सहा महिने तीस जूनला संपतात, आणि कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे बावीस. मधले आठ दिवस कोणी घातले कळत नाही. मी या दोन तारखा रोज कॅलेंडरवर बघते, जणू बघून बघून त्या जवळ सरकतील.

तर गेल्या आठवड्यात आमचे मालक कुंदनशेट यांनी ऑफिससाठी सात संगणक आणले. नवे म्हणजे आम्हाला नवे, आधी दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात झिजलेले. प्रत्येकावर तेच वीस-बावीस प्रोग्राम घालायचे, मराठी अक्षरे बसवायची, प्रिंटर जोडायचा. दुकानाचा माणूस म्हणाला, एकाला एक दिवस. मी म्हणाले, एकच नीट लावू, त्याचा जसाच्या तसा ठसा घेऊ आणि तारेवरून बाकीच्या सहांत एकदम उतरवू. याला क्लोनिंग म्हणतात. (एका राबातली रोपे सहा खाचरांत लावतो तसे, फक्त इथे राब रिकामा होत नाही.) शिवाय रोज दुपारी एकला, सगळे जेवायला उठले की, सातही संगणकांत जे काही असेल ते जिन्याखालच्या मोठ्या संगणकात आपोआप जमा होईल आणि तिथे तीस दिवस राहील. याला बॅकअप म्हणतात. कोणी चुकून काही पुसले तरी जात नाही. यावर मी एक छोटे भाषणही केले, की आता या ऑफिसात साहेबाचा संगणक आणि कारकुनाचा संगणक असा भेद उरणार नाही, सगळे समान. चहा यायचा होता म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतले.

शनिवारी दीड तासात सहाच्या सहा तयार झाले. एकच घोळ निघाला, की ठशाबरोबर नावही उतरले आणि सातही संगणक स्वतःला ‘सपना’ म्हणवू लागले. यंत्रांना हे खपत नाही, ती एकमेकांना जाळ्यातून हाकलतात. आपल्या पाड्यात तीन झिपरू आहेत, डोंगराकडचा, विहिरीजवळचा आणि तुम्ही, कधी कोणी कोणाला हाकलले नाही. मी बसून सहांची बारशी केली आणि घरी आले. रविवारी इतकी खूश होते की दोनदा आंघोळ केली.

सोमवारी समजले की नावाबरोबर आणखीही काही उतरले आहे. ज्याचा ठसा घेतला तो संगणक माझाच. मराठी टायपिंगच्या परीक्षेसाठी मी ऑफिस सुटल्यावर अर्धा तास त्यावर हात बसवते. बळवंतकाका (हे आवक-जावक बघतात, म्हणजे आलेले कागद आणि गेलेले कागद) मला म्हणाले होते, नुसते उतारे कशाला बडवतेस, घरी पत्र लिही. म्हणून तुम्हाला पत्र टाईप करत होते. त्यात ऑफिसातली माणसे होती, मला दिसतात तशी. वाटले, वाचणार कोण, मामा आणि दीपा. ते पत्र सोमवारी सकाळी साडेनऊला सातही पडद्यांवर, बरोबर मधोमध, ‘मामांना पत्र’ या नावाने उभे होते.

बळवंतकाकांनी ते वाचले, ऱ्हस्वदीर्घाच्या तेवीस चुका दुरुस्त केल्या, छापले, जावक वहीत नंबर घातला आणि टपालात टाकले. मी विचारले, का? तर म्हणाले, ‘वर पत्ता आहे, खाली नाव आहे. असल्या कागदाचं मी दुसरं काय करतो गं, पोरी?’ खरेदीच्या सुगंधा मॅडम (घाटावरच्या आहेत, फार कडक) यांच्याबद्दल मी लिहिले होते की त्या आल्या की पंखासुद्धा हळू फिरतो. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘पंखा हळू फिरतो कारण त्याचं बटण बिघडलंय. तक्रार मीच दिलीय, दोनदा.’ एवढे वाक्य त्यांनी आपल्या प्रतीत बदलले आणि बदललेले पत्र स्वतः पाठवले, तुमचा गैरसमज नको म्हणून. विक्रीचा मेहुल दुसऱ्यांच्या डब्यांवर जगतो असे मी लिहिले होते. तो म्हणाला, ‘सपनाबेन, डब्याचं राहू दे, खरं आहे. पण माणूस दिसायला कसा आहे ते पण लिहायचं ना.’ त्याच्या प्रतीत तो देखणा आहे. तीही टपालात गेली. बाकीच्यांनी नुसते वाचून सोडले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

चार वाजता शेटनी बोलावले. त्यांच्याही संगणकावर ते पत्र होते, कारण भेद उरला नव्हता.

‘तुला पक्की केली?’ त्यांनी विचारले.

‘नाही, शेट.’

‘इथे लिहिलंय ने. बारा जूनला पक्की केली, पेढे वाटले. कोणी वाटले?’

‘कोणीच नाही.’

‘माझ्या ऑफिसात पेढे वाटले, आणि मलाच नाही मिळाला,’ ते म्हणाले.

(दीपा, इथे थांबू नकोस, वाच.) होय मामा, त्या तिन्ही पत्रांत लिहिले आहे की मी पक्की झाले. ते खोटे आहे आणि ते मीच लिहिले आहे, बळवंतकाकांनी फक्त त्याचे व्याकरण सुधारले. बावीस आणि तीस काही केल्या जुळेनात, म्हणून तीसला जे होईल असे वाटते ते मी आधीच करून टाकले. पाठवायचे की नाही हे ठरत नव्हते. चार दिवस ते तसेच ठेवले होते. पण ठेवलेली गोष्ट ठेवल्या जागी राहू नये अशी व्यवस्था मीच केली होती. शेटना मी दोन्ही तारखा सांगितल्या. ते म्हणाले, ‘तीसला बघू. तीस म्हणजे तीस.’ मग विचारले, सात दिवसांचे काम दीड तासात कसे झाले. मी सांगितले. ते ‘हं’ म्हणाले. या ‘हं’चा अर्थ मी काल रात्रीपासून लावते आहे. शेवटी म्हणाले, हे खोटं सगळीकडून काढ.

सातही ठिकाणांहून काढायला दहा मिनिटे लागली. मग जिन्याखाली जाऊन पाहिले. दुपारी एकला बॅकअप अगदी वेळेवर झाला होता. माझे मूळ पत्र, काकांचे शुद्ध, मॅडमचे पंख्याचे आणि देखण्या मेहुलचे, सगळे नीट जमा. तिथले तीस दिवसांच्या आत कोणालाही पुसता येऊ नये असे कुलूप मीच घातले आहे, किल्ली न ठेवता. म्हणजे पंधरा जुलैपर्यंत मी त्या जिन्याखाली पक्की आहे. वर काय आहे ते तीसला कळेल.

खाली हॉर्न वाजला, पण तो पाण्याचा टँकर होता. आवरते घेते. घरच्या थोरांच्या पाया पडते, पोरांना गालगुच्चे, आणि मामीला म्हणावे रागावायचे असेल तर माझ्यावर, दीपावर नको.

तुमची अजून कच्चीच असलेली भाची,
सपना

ता. क. सोबत दीपाचा फॉर्म आहे. जिथे पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत त्या दोन जागी तुमची सही हवी. अंकुशदादा उद्या परत येईल त्याच्याबरोबर पाठवा. माझी वाट पाहिलीत तर तारीख जाईल, आणि मला नाही ठेवले तर त्यात दीपाचा काय दोष? ओट्यावरचा तो शब्द मागे घ्या, एवढेच मागायला हे पत्र लिहिले. बाकी सगळे संगणकाबद्दल होते. काल जाताना सुगंधा मॅडमही म्हणाल्या, ‘फॉर्म आणलास, का नुसती पत्रंच लिहितेस?’

ता. क. दुसरा. हे सगळे कळूनही तुमचे मन होत नसेल, तर तीन पत्रे म्हणतात मी पक्की झाले आणि एकच म्हणते नाही झाले. हात वर करून ठरवणार असाल तर माझी हरकत नाही.

ता. क. तिसरा. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर प्रश्न आहे, कुटुंबात याआधी कोणी पदवीधर आहे का. माझ्या वेळी मी तिथे ‘नाही’ लिहिले होते. दीपाच्या फॉर्मवर ‘होय’ लिहिले आहे, आणि पुढे माझे नाव. ते पेन्सिलीने नाही.