सत्तावन्न थरांचा पाईल

अहेरी, १० नोव्हेंबर १९५५
निश्चय: २ डिसेंबरला डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार. त्यांना १९४२ चा शिकागोचा अणू-पाईल अचूक बांधून दाखवायचा आणि चांद्याच्या हायस्कुलात बदली मिळवायची. पाच वर्षं इथं सडलो, बस्स. अर्धवट लोक त्याला ‘रिॲक्टर’ म्हणतात, काही तर ‘बॉम्ब’. ज्यांनी बांधला ते शास्त्रज्ञ ‘पाईल’च म्हणत, म्हणजे रास. अज्ञानाची मला चीड आहे.

१९ नोव्हेंबर
ग्रॅफाइटऐवजी काडेपेटीएवढ्या मातीच्या विटा, काजळी फासून. युरेनियमऐवजी हिरडे. कॅडमियमचा पत्रा ठोकलेल्या दांड्यांऐवजी सिगारेटची चांदी गुंडाळलेल्या बांबूच्या काड्या. थर सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न. शाळेत जागा नाही, म्हणून बाजाराच्या वाटेवर मोहाखाली उभारला. पाटी लावली: ‘पाईल’. जनतेलाही विज्ञान कळेल.

२३ नोव्हेंबर, सकाळी
पाईलवर अकरा दगड! शाळेचा शिपाई मुखरू याला विचारलं. म्हणाला, मास्तर, रानच्या वाटेवर रास दिसली का जाता-येता एक गोटा ठेवाच लागते, नाई तं देव रागावते. दगड काढले. त्याला अर्धा तास अणू समजावला. समजलं म्हणाला, आणि जाताना एक ठेवून गेला.

२६ नोव्हेंबर
बाजाराचा दिवस. दगड मोजायचं सोडलं. कॅडमियमच्या दांडीला कोणी लाल फडकं बांधलं. हे उलट बरं, धोक्याची खूण. लोकांत विज्ञानाची गोडी वाढते आहे. शिकागोतही थरावर थर असाच चढला.

३० नोव्हेंबर
हळद. दोन अंडी. भामरागडकडून डिंक विकायला आलेल्या लालसूने मलाच नमस्कार केला. म्हणे, पुजारी तुमीच ना? मले नातू व्हऊ द्या. मी नाही म्हणालो, तर प्रसाद मागितला. युरेनियमचा एक हिरडा दिला. वाद नको.

२ डिसेंबर, संध्याकाळी
डिप्टीसाहेब आले. जीप थांबवली, बूट काढले, गोटा ठेवला. मी तासभर समजावलं: थर सत्तावन्न, मधे युरेनियम, दांडी बाहेर ओढली की अणू फुटायला लागतात. साहेब हात जोडून ऐकत होते. मग शेरेबुकात लिहिलं: ‘पाईलदेवाची सेवा उत्तम. गुरुजींना येथून कधीही हलवू नये.’

रडू आलं. जेवलो नाही.

नाव मात्र बरोबर लिहिलं आहे. रिॲक्टर म्हणाले नाहीत.