उजव्या हाताले गाव

२ फेब्रुवारी, सोमवार

आली एकदाची. केनवडवरून सकाळची एसटी धरली, शिरपूरले उतरली, तठी दीड तास झाडाखाली बसली अन् एका मारवाडी बाईसोबत गुडघ्याच्या गोष्टी केल्या. तिचे दोन्ही गेले, माहा एकच. मग ऋषिकेश गाडी घेऊन आला. मागं मी, मांडीवर पिशवी. पिशवीत जवसाची चटणी, डिंकाचे लाडू, अन् निकितासाठी जुन्या लुगड्याची गोधडी.

ऋषिकेश माहा नातू. त्याची माय गेली तवा तो आठ महिन्याचा. बापानं दुसरं घर केलं. बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं मी त्याले. लहानपणी गूळ चोरे अन् नाही म्हणे, पण नाही म्हणताना कान चोळे. तेवढ्यावरून मी ओळखो. आता सव्वीस वर्साचा झाला, बायकोच्या गावी, या आडखोरीत, राह्यते अन् शयरातल्या लोकाईले डोंगरातून फिरवते. पुण्या-नागपुराचे लोक इथं येऊन हौसेनं पायी चालतात म्हणे. मले हसूच आवरेना. आमी जन्मभर चाललो, कोणी पाणी नाही इचारलं.

निकिताले सातवा सरला. तिचा बाप उकंडराव दारात उभा होता, तो वाकून माह्या पाया पडला. इवाई माणूस असा पाया पडते काय कधी? मी मागं सरकली तर म्हणे, आजी, तुमी आल्या, गाव भरलं.

ही वही निकितानं देली. रोज लिहीत जा म्हणे, काय पाह्यलं, कसं वाटलं. मी चवथी शिकेल, मात्रा कुठीही पडते. ती म्हणे पडू द्या. खुश आहे मी. पणजी होणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज ते मशीन पाह्यलं. तंबाखूच्या डबीपेक्षा थोडं मोठं, पिवळं-काळं, दोन सेल लागतात. मोबाईलसारखी रेंज लागत नाही त्याले. वरून आभाळातले उपग्रह पाहतात म्हणे आपण कुठं आहो ते. मी म्हटलं बापा, परसाकडं जाताना बंद ठेवा लागते मग. निकिता पोट धरून हासली.

रस्ता त्यात भरा लागते. ऋषी आधी ल्यापटॉपवर डोंगराचा नकाशा काढते, त्यावर टिंब टिंब देत जाते, टिंबं जुळले की जांभळी रेघ होते. मग वायर लावते अन् ती रेघ मशीनमध्ये जाते. तो म्हणते लोड केला. मी म्हणते भरला. चालताना आपण कुठं गेलो त्याची निळी रेघ मशीन आपोआप काढते. निळी जांभळीवर बसली तर बरोबर. रेघ सोडून दोन पावलं इकडं तिकडं झालं की पीं करते.

अन् हे मशीन माह्या गळ्यात. ऋषी म्हणे आजी, नवा रस्ता बनवून राह्यलो, सत्तर वर्साच्या बाईले जमला तर शयरातल्या कोणालेही जमन. रोज थोडा थोडा चाल, पंधरा दिवसात होते. मले नोकरी लागल्यासारखं वाटलं.

पह्यला तुकडा नाल्याच्या पुलापासून सागाच्या बर्डीपर्यंत, त्या टेकाडापर्यंत. पळस लालभडक फुलला आहे. वाटेत कोणी भेटलं की हात जोडे. साऱ्या गावात माह्या वयाची एक बुढी नाही, म्हणून मायी चंगळ. सारं गाव मले आजी म्हणते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल थकली होती, लिहिलं नाही. आज तिसरा तुकडा, गाडीच्या सडकेले आडवा. जठी काल थांबली तठूनच ऋषी सोडते, चाललेलं पुन्हा चालू देत नाही. अन् गाव सदा माह्या उजव्या हाताले. मी म्हटलं तू मले प्रदक्षिणा घालायले लावून राह्यला काय रे. तो म्हणे डोंगरच तसा आहे.

घरी आली तर अंगणात बाया जमलेल्या. त्याईनं मायी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. मी हात मागं घेतला. बुढा जाऊन अकरा वर्स झाले, अशा बाईची ओटी कोणी भरते काय? निकिता म्हणे आमच्या गावात ते पाळत नाहीत. केवढं सुधारलेलं गाव. आमच्या केनवडले लग्नाच्या मांडवात मले मागं बसवतात. रडूच आलं मले. तशी उकंडरावची बायको घाईनं म्हणे, रडू नोका, आजी, रडू नोका, अन् बाया एकमेकीकडं पाहायले लागल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

एक गंमत. काल राती पाणी प्यायले उठली तर ओट्यावर ऋषी मायी वही वाचून दाखवून राह्यला होता. उकंडराव अन् चार मोठे माणसं मान डोलवून ऐकत होते. मी खुश आहे ते आलं की उकंडराव म्हणे, पुन्हा वाच. दोनदा वाचलं त्यानं. माहं लिहिणं एवढं आवडते लोकाईले. आज सकाळपासून मी चालताना वाक्यं जुळवून राह्यली.

बर्डीच्या मागच्या अंगाले सागाची पानं गळून गुडघाभर झाली आहेत. माहा पाय पडला की चर्र वाजते. मी थांबली की ते थोड्या उशिरानं थांबते.

८ फेब्रुवारी, रविवार

मशीनमध्ये दोन निळ्या रेघा आहेत. एक मायी, जांभळीवर बसलेली. दुसरी तिच्या बाहेरच्या अंगानं, दहा पावलं सोडून, मायी वळली तठी वळलेली, मी थांबली तठी थांबलेली. ऋषीले दाखवली. म्हणे झाडाखाली उपग्रहाले नीट दिसत नाही, रेघ हालते.

मी म्हटलं असन.

त्यानं कान चोळला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शिरपूरची जैतुनबी बांगड्या विकायले आली होती. माह्याच वयाची. दोघी बसून पान खाल्लं, सुनाईच्या कुचाळक्या केल्या, लय बरं वाटलं. मग तिची नजर माह्या हातावर गेली. कोणी भरल्या म्हणे. मी ओटीचं सांगतलं. तिनं तोंडातलं पान थुकून टाकलं.

म्हणे सहा वर्सामागं अशाच हिरव्या मी माह्या हातानं देवलाले भरल्या. देवला म्हणजे निकिताची आजी. तीही अशीच हासत होती, सारं गाव लाड करून राह्यलं म्हणे. पुढच्या खेपेले आली तर देवला नाही. कारंज्याले पोरीकडं गेली सांगतलं. पण बहना, जैतुनबी म्हणे, मी दर हप्त्याले कारंज्याले जाते, त्या पोरीले बांगड्या देते. देवला तठी नाही.

शिरपूरची गाडी साडेचारले आहे म्हणे, चाल माह्यासोबत. मी हासली. नातवाले सोडून कायले जाऊ? ती उठली तवा सडकेवर दोघातिघांनी तिची टोपली उचलून देली अन् ती गाडीत बसेपर्यंत तठीच उभे राह्यले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे मी वहीच्या उलट्या बाजूनं लिहून राह्यली. पुढच्या बाजूले लिहिलं, आज लाडू केले, खुश आहे.

ऋषी वायर लावत होता, उकंडरावनं हाक मारली, तो ल्यापटॉप तसाच सोडून गेला. मी नकाशा पाह्यला. नऊ तुकडे. एकाच्या शेपटाले दुसऱ्याचं तोंड. मधात आडखोरी. शिवेवरून सारं गाव वेढून घेतलं मी, नाल्यापाशी एवढीशी फट राह्यली. फटीत दोन बारके झेंडे. नावं मराठीत होती. एक एक अक्षर लावून वाचलं.

देवला.

सोजर.

सोजर मी. त्या जागी मी अजून पाय नाही ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी डोळे मिटून पडली. भिंतीपलीकडं उकंडराव बोलून राह्यला होता. देवला थकली म्हणे. या वर्सात गावात तीन लेकरं जन्मली, तीनही गेली. आता निकिताचं. शिवेवर हासत गेलेली बुढी उभी पाहिजे. देवलाच्या आधीची रडत नेली होती, त्या वर्सी अकरा पाळणे रिकामे झाले. जवाई, ही बुढी नक्की खुश आहे ना?

ऋषी म्हणे, तिले काही माहीत नाही. वही पाहा ना तुमी. पानापानावर खुश आहे.

माह्या ऋषीचा आवाज.

बकरी विकून त्याची फी भरली होती, तवा तो बकरीच्या गळ्यात पडून रडला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार. शिवरात्र

सारे महादेवाले गेले. मशीन खुंटीवर ठेवलं. पिशवी घेतली. सडकेपर्यंत कोणी भेटलं नाही. सडकेवर जठी तिसऱ्या तुकड्याले आडवी गेली होती, तठी—

बाई उभी. पाठमोरी. हिरवं लुगडं, उन्हानं विटलेलं. पायात चप्पल नाही. मी उजवीकडून जायले गेली, ती उजवीकडं. डावीकडून, ती डावीकडं. आवाज देला. म्हटलं देवलाबाई, मले जाऊ द्या, मी केनवडची.

तिनं तोंड फिरवलं. हासून राह्यली होती. नुसतं तोंड. डोळ्यातून पाणी चाललेलं, हनुवटीवरून गळ्यात, अन् तोंड हासतच.

पलीकडं गाडी आली. थांबली. गेली.

घरी आली. खुंटीवरच्या मशीनमध्ये घरापासून सडकेपर्यंत निळी रेघ होती. अन् परत. मी ते नेलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी

निकिताले सकाळपासून कळा. आठवाच चालू आहे. ती माहा हात धरून बसली. आजी, माहं लेकरू, आजी. एवढंच. तिलेही माहीत आहे. वही तिनंच देली मले.

पोटाले हात लावला. लाथ मारली त्यानं. डावीकडं, बरगडीखाली. ऋषीही तठीच मारे, त्याची माय सांगे.

उद्या अमावस्या.

१७ फेब्रुवारी, सकाळ

आज पुढच्याच बाजूनं लिहिते. वाचू दे त्याले.

तो वायर लावत होता. इचारलं, परतीचा रस्ता भरला काय? हात थांबले त्याचे. म्हणे जवळच आहे आजी, मी येतो घ्यायले.

मी म्हटलं, कान नोको चोळू.

मग तो खालीच बसला. पण वायर काढली नाही. रेघ पूर्ण जाईपर्यंत मशीनकडं पाहत राह्यला.

ऋषी, तू इचारलं असतं तर मी गेली असती रे. आजी, माह्या लेकरासाठी जाशील काय— एवढंच. लाडू बांधत बांधत हो म्हटलं असतं. तुले गळ्याशी लावून हासत गेली असती, कोणाले फसवा लागलं नसतं. तुमाले हासणारी बुढी पाहिजे होती. मी होतीच. आता ते हसू कुठून आणू, ते तूच नेलं.

दुपार, नाला

आली. एकटीच. बारा वाजले असतील, सावली पायाखाली आहे.

चप्पल काढली. बाजूले अजून आहेत चपला. लय आहेत. सुकून काळ्या झालेल्या.

मशीन पीं करत नाही. बरोबर चालून राह्यली म्हणजे मी.

पंधरा-वीस पावलं.

गावाकडून बाईचं ओरडणं ऐकू येते. निकिता. येते, थांबते. लेकराचं नाही येत अजून. ते रडत नाही अजून—

बाहेरच्या अंगानं पानं वाजली. देवला. थकली ती, खरंच. बसायले टेकून राह्यली. मले जागा करून देली.

रडू नोको सोजरे. रडली तर बारावा पाळणा. लेकरानं काय केलं. त्याच्या गुडघ्याचा विचार कर, रांगताना सोललेल्या. बकरीचं दूध. कापसाचा बोळा. कसा चोखे तो, मुठी आवळून, अन् माह्याकडं पाहे—

हं. हे चालते.

ऋषी, हे मोठ्यानं वाच. उकंडरावले दोनदा वाचून दाखव. माह्या हातचं आहे, खरं आहे, कोणी लिहायले लावलं नाही.

मी खुश आ