जमुनाला अकोल्याला का नेलं

४ ऑक्टो., शनिवार. संध्या. ६.४०

बरोबर या वेळी जमुनाला माझ्या ओसरीवरून उचलून नेलं. घड्याळ बघून लिहिते आहे. भुलाबाईची मूर्ती मांडलेली, वर्गातल्या मुली गाणी म्हणत होत्या, झाकलेला खाऊ ओळखायचा राहिला होता. बालविकास कार्यालयाची गाडी आली. दप्तरही घेऊ दिलं नाही. पोर ओरडली नाही. नाझनीनकडे बघत गेली.

५ ऑक्टो.

अकोल्याच्या बालगृहात ठेवली आहे म्हणे.

नाझनीन जेवत नाही. बी.एड. करणारी माझी भाडेकरू, दर्यापूरची; जमुनाच्या नववीवर सरावाचे पाठ घेते. चूक माझीच, म्हणते. चूक कसली? मुली रोज एकेकीच्या घरी भुलाबाई म्हणतात. जमुना धारणीकडची, आईबाप नाहीत, सरकारने सांभाळायला इथल्या एका घरात दिलेली. त्या घरच्या पालकबाईंना दारात मुलींचा गोंधळ नको. आपल्या घरी बोलावता येत नाही म्हणून पोरीने दुसऱ्यांकडे जाणंच सोडलं. नाझनीन म्हणाली, माझ्या खोलीवर कर. मी म्हटलं, ओसरी काय शोभेला आहे?

जमुनाने वर्गभर सांगितलं, "शनिवारी माह्या घरी या." पत्ता माझा.

पालकबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी कार्यालयाला कळवलं, शिकाऊ बाई पोरीला फितवते. आज त्यांना दारात गाठलं.

"माह्या घरी या म्हने पोरगी! मंग आमी कोन?"

रडत होत्या. माझा राग तसूभर कमी झाला नाही.

६ ऑक्टो.

कार्यालय. साहेबांनी विचारलं, मुलीशी नातं काय? मी म्हटलं, तिच्या शिक्षिकेची घरमालकीण. हसले. मीही हसले असते, पोर आत नसती तर.

कॉलेजने नाझनीनचे पाठ थांबवले. चौकशी होईपर्यंत. चौकशी कोण करणार, कोणाला माहीत नाही.

७ ऑक्टो.

दोघी एस.टी.ने अकोल्याला. बालगृहाचं फाटक. रखवालीवरची बाई भली. "जेवत नाई जी, बोलत बी नाई. पन तुमाले आत कशी सोडू? माही नोकरी जाइन."

नाझनीनने निरोप दिला, मी आलेय एवढंच सांगा. बाई आत जाऊन आली. जमुनाने एकच विचारलं होतं, "माह्यामुळं मॅडमची परीक्षा बुडली काय?"

परतताना मूर्तिजापूर येईस्तोवर नाझनीन खिडकीबाहेर बघत होती.

८ ऑक्टो.

साहेबांचा निरोप. नाझनीनने लिहून द्यावं की मुलीला तिनेच फूस लावली; प्रकरण मिटेल. मुलीचं काय? ते बालकल्याण समिती बघेल. कधी? बघेल.

नाझनीन सही करायला बसली. "आंटी, ती बाहेर आली पाहिजे बस. मेरा क्या है."

पेन काढून घेतलं. वेडे, तुझ्या सहीने साहेब सुटतो, पोर नाही. मग ती रडली, चार दिवसांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी…

९ ऑक्टो.

अर्ज दिला, माझ्या नावाने. पोच घेतली. माझ्या मिशन शाळेत सिस्टर सांगायच्या, उत्तर पूर्ण वाक्यात द्या. इथे निदान प्रश्न तरी पूर्ण वाक्यांत विचारलेत. जमुनाला न विचारता तिला कोणाच्या आदेशाने नेलं? सहामाही परीक्षा ती कुठे देणार? नाझनीनला तिला कोणत्या दिवशी भेटता येईल?

कारकून म्हणाला, साहेब फोन करतील.

मी म्हटलं, फोन नको, उत्तर हवं. सोमवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी. सहीशिक्क्यासह.