डाग नसलेली चादर

सोमवार, चौदा तारीख
धुलाईघर, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, गच्चीवरच्या कुंड्यांना एक दिवस पाणी नाही मिळालं तर जग बुडत नाही, जिना चढायचा नाही म्हणजे नाही. मी ठणठणीत आहे. हातांची सालं निघतात, पण साबणात आयुष्य घालवल्यावर ती निघणारच.

तुझी चिठ्ठी पोचली. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं गं! 'तुमच्या इस्पितळात जखमी येतात. माझ्या लेकाचा, भोपळ्याचा, कित्येक महिन्यांत पत्ता नाही. काही कळलं तर कळव. बाकी आपलं बोलणं बंदच आहे.' बाई गं, बोलणं बंद आहे हेसुद्धा लिहून कळवणारी तूच! आधी खूप हसू आलं. मग सगळ्यांकडे पाठ करून रडले.

कळवते. पण आधी तुझा राग ज्याच्यावर आहे ते सांगू दे, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. मधेच पान उलटून शेवट बघू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तेच करायचीस.

आमच्याकडे एक रीत आहे. वॉर्डातल्या चादरी आमच्याकडे येतात. पहिल्या धुण्यात रक्ताचा डाग निघाला नाही, तर चादरीच्या कोपऱ्याला एक साधी गाठ मारायची. इस्त्रीवाल्या ती बाजूला काढतात आणि फाडून तिची फडकी करतात. पूर्वी आठवड्यातून एखाददुसरी गाठ पडायची. लढाई सुरू झाली आणि ढीग लागायला लागले.

आमच्यात एक जण आहे, आवाजावरून आम्ही तिला तोफ म्हणतो. एवढ्या एकाच तोफेला आमची हरकत नाही. एकदा अंगणातल्या दोऱ्या भरल्या, म्हणून तिने गाठीच्या ओल्या चादरी रस्त्याकडच्या कुंपणावर टाकल्या. तिच्या डोक्यात फक्त जागेचा विचार होता. पण रस्त्याने जाणारी माणसं थांबली. एक बाई हातातली पिशवी खाली ठेवून, कुंपणाला हात लावून नुसती उभी राहिली. आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की न निघणारे डाग फाडून फाडून आम्हीच झाकत होतो.

पुढच्या सोमवारी आम्ही त्या मुद्दाम टाकल्या आणि शेजारी उभ्या राहिलो. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत. एकच पाटी, 'हे निघत नाही. लढाई थांबवा.'

त्याचा फोटो तुझ्या शेजारणीने तुला दाखवला आणि तू तडक आलीस. सगळ्यांदेखत म्हणालीस, 'माझा मुलगा तिकडे लढतोय आणि तू इथे त्याच्या तोंडाला काळं फासतेस! माझ्या घराची पायरी चढू नकोस.' ताई, तेव्हा मी नुसत्या चादरी झटकत राहिले. आज बोलते. मी त्याच्यासाठीच उभी राहत होते. एकेक चादर उलगडताना मनात यायचं, ही त्याची तर नसेल ना? तुझ्यासमोर ते नाव काढायची छातीच झाली नाही.

मुकादमाने काय कमी थयथयाट केला? कामावरून काढीन म्हणाला. तोफ म्हणाली, 'काढा, आणि धुवा आपल्या हातांनी.' एकदा पोलीस आले. 'आत्ताच्या आत्ता चादरी काढा,' असं म्हणाले. मी म्हटलं, 'साहेब, ओली चादर कोणी काढतं का? वाळू द्या की!' बिचारे उन्हात वाट बघत बसले, आणि त्यांच्यातला एक जण हळूच पाटी वाचून डोळे पुसत होता.

बरं, आता तुझं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दर सोमवारी येणारे एक म्हातारे मास्तर आहेत. ते चादरींपाशी फिरता फिरता म्हणाले, 'बाई, ही तुम्ही चुकून टाकलीत. हिच्यावर डागच नाही.' मी म्हटलं, छे, गाठ असल्याशिवाय इथवर येतेय कशी? उलटून पालटून पाहिली. खरंच स्वच्छ होती. मग गाठीकडे नजर गेली. आमची गाठ साधी, एका वेढ्याची. ही सशासारखे दोन कान बाहेर काढलेली होती. आमच्या बायकांनी गाठ तेवढी पाहिली आणि इकडच्या ढिगात टाकली.

ताई, झोपताना पांघरुणाच्या कोपऱ्याला अशी गाठ कोण मारायचं? 'नाहीतर चादर पळून जाते,' असं कोण म्हणायचं? आणि रोज सकाळी कुरकुर करत ती कोण सोडायचं?

तो जिवंत आहे गं. आधी दोन घोट पाणी पी, मग पुढे वाच.

मी ती चादर छातीशी धरून वॉर्डावॉर्डातून पळत सुटले. खिडकीजवळच्या खाटेवर सापडला. भोपळा कुठला, पार पडवळ झालाय. मला बघून म्हणाला, 'मावशी, साबणाचा वास आला तेव्हाच वाटलं, तू असणार.' मग मला चादरीखालचं दिसलं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. मला हे गोडगोड करून सांगता येत नाही, म्हणून सरळ लिहिलं.

त्याने माझा हात धरून वचन घेतलं, आईला कळवू नकोस. 'तिने माझा फोटो दिवाणखान्यात लावलाय. असा कसा जाऊ तिच्यापुढे?' मी पुष्कळ समजावलं, रागावले, दोन दिवस बोलले नाही. ऐकेना. हट्ट कोणाचा घेतलाय हे सांगायला नको. तेवढ्यात तुझी चिठ्ठी आली. ती अंगावर बाळगून मी रोज त्याला जेवू घालत होते आणि तुला उत्तर लिहीत नव्हते. तुझ्या काळजीची आग मला कळत होती, तरी गप्प बसले. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

गेल्या सोमवारी पोलीस पुन्हा आले, या खेपेला वरचा हुकूम घेऊन. चादरी ओढायलाच लागले. आणि मागून चाकांचा आवाज आला. आपला भोपळा! चाकाच्या खुर्चीतून एकटा खाली आला होता. त्याने एका चादरीचा कोपरा हाताला गुंडाळला आणि म्हणाला, 'या आमच्या आहेत. आम्ही काढत नाही.' साहेबांना कळेना, सलाम करावा की पकडावं. पाठोपाठ कुबड्या घेतलेले दोघं आले. मग वरच्या खिडक्यांतून कोणीकोणी आपापल्या चादरी खाली सोडल्या. पोलीस गेले, ताई. कुंपण जसंच्या तसं राहिलं.

लढाई काही आमच्या चादरींनी थांबलेली नाही, एवढं मलाही कळतं. पण आता दुसऱ्या दोन गावांतल्या इस्पितळांच्या कुंपणांवरही गाठीच्या चादरी लागल्यात. मुकादम हल्ली आम्हाला दोरी आणून देतो, वर म्हणतो, 'कोणाला सांगू नका.'

काल संध्याकाळी चादरींच्या घड्या घालताना माझ्यासमोर दोन कोपरे त्याने धरले होते. धरता धरता म्हणाला, 'मावशी, आता लिही आईला. पायाचंही लिही.' पुढच्या महिन्यात नवा पाय बसवणार आहेत. मला म्हणाला, 'उभा राहीन तो पहिल्यांदा तुमच्या कुंपणाशी.'

तुझा राग असू दे. माझ्याशी बोलू नकोस, चादरींपाशी उभी राहू नकोस, हवं तर माझ्याकडे न बघता आत जा. मागच्या दारापाशी मी असेन. फक्त ये. अजूनही तो झोपताना चादरीला दोन कानांची गाठ मारतो. सकाळी नर्स ती सोडायला गेली की तिचा हात बाजूला करतो आणि म्हणतो, 'राहू द्या. सोडणारी यायची आहे.'

बोलणं बंद असलं तरी तुझीच,
धाकटी