फेसाची तूट

प्रति,
मा. अधीक्षक,
फळवाइन परवाना व तपासणी विभाग,
तिसरा मजला.

विषय : आंबत असलेल्या दोन पिंपांवरील सील आजच्या आज काढण्याबाबत.

संदर्भ : माझे शनिवारचे व मंगळवारचे अर्ज, आपले सोमवारचे पत्र व कालची नोटीस.

महोदय,

१. घराच्या मागच्या खोलीत फळांची वाइन करणाऱ्या कुटुंबातली मी धाकटी सून. परवाना सासऱ्यांच्या नावे आहे. फळे धुणे, चिरडणे, पिंपे भरणे आणि आपल्या कार्यालयाचे जिने झिजवणे ही कामे मी व माझी जाऊ वाटून घेतो. जिने सध्या माझ्या वाट्याला आले आहेत.

२. आपले निरीक्षक गेल्या आठवड्यात सोमवारी मोजणीला आले, तेव्हा तुती, नासपती आणि प्लम अशी तीन पिंपे नुकतीच आंबू लागली होती. ताज्या रसावर वीतभर फेस चढतो आणि चार दिवसांत खाली बसतो, हे आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही माहीत आहे. निरीक्षक महोदयांनी मोजपट्टी फेसाच्या माथ्याला लावली आणि फेस धरून सगळी वाइन लिहून घेतली. "अहो साहेब, वरचा फेस आहे तो, तेवढा सोडा ना," असे जाऊबाई म्हणाल्या. त्यावर त्यांना, "मला शिकवू नका, पिंपात आहे तो सगळा माल," असे उत्तर मिळाले.

३. शुक्रवारी ते पुन्हा आले. फेस बसला होता. तिन्ही पिंपांत मिळून अडतीस लिटर तूट निघाली, आणि ती वाइन सासऱ्यांनी चोरून विकली असा निष्कर्ष उभ्या उभ्या काढण्यात आला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्याचा फार राग आला आहे, आणि तो या अर्जात दिसत असेल तर दिसू द्यावा.

४. पुढची "चोरी" थांबवण्यासाठी निरीक्षकांनी पिंपांची झाकणे आणि तोट्या सीलबंद केल्या. एवढ्याने समाधान न झाल्याने, झाकणातून निघून पाण्याच्या बरणीत सोडलेली बोटभर जाडीची नळीसुद्धा त्यांनी तारेने आवळून लाखेने बुजवली. रस आंबताना वायू सुटतो आणि त्याला बाहेर पडायला ती एवढीच वाट असते. हे मी शनिवारच्या अर्जात चित्र काढून समजावले होते. चित्राची पोच मिळाली.

५. सोमवारी सकाळी आपले पत्र आले : पुढील तपासणी तीन आठवड्यांनी होईल, "तोपर्यंत आंबण्याची क्रिया स्थगित ठेवण्यात यावी." आदेशाचे पालन व्हावे म्हणून मी ते पत्र खोलीत जाऊन तिन्ही पिंपांना मोठ्याने वाचून दाखवले. तुतीने जुमानले नाही. दुपारी पिंप फुटले. झाकण छताच्या पत्र्यात जाऊन रुतले आणि जाऊबाई केसांपासून टाचांपर्यंत जांभळ्या झाल्या. त्यांना लागले नाही, हे आपल्या खात्याचे नशीब.

६. मंगळवारी मी पिंप फुटल्याची लेखी खबर दिली, आणि मुद्दा डोळ्यांना दिसावा म्हणून घरात बरणीत मुद्दाम आंबवलेल्या नासपतीच्या रसावरचा फेस एका बाटलीत भरून सोबत जोडला. आवक विभागाने "रिकामी बाटली, एक" अशी नोंद केली. एवढा बिनचूक प्रयोग आपल्या कार्यालयात याआधी झाला नसेल, पण त्यातून कोणी काही शिकल्याचे दिसत नाही. कारण काल नोटीस आली : पूर्वपरवानगीशिवाय साठा नष्ट केल्याबद्दल खुलासा करावा. पूर्वपरवानगी पिंपाने मागायची होती की आम्ही, हे नोटिशीत लिहिलेले नाही.

७. आता नासपती आणि प्लम ही दोनच पिंपे उरली आहेत. ती सावकाश आंबतात, म्हणून आजवर टिकली. पण दोन्ही झाकणे फुगून वर आली आहेत. ही पिंपे गेली तर यंदाचे उत्पादन शून्य, आणि वर्षभर उत्पादन नसेल तर परवाना आपोआप रद्द, हा आपलाच नियम आहे. त्याहून वाईट म्हणजे सासरे त्या खोलीतून बाहेर यायला तयार नाहीत. दोन पिंपांच्या मध्ये स्टूल टाकून बसले आहेत. बाहेर चला म्हटले की, "मी उठलो की म्हणतील, म्हाताऱ्याने पुन्हा विकली," एवढेच म्हणतात. तरी आजच्या आज माणूस पाठवून नळ्यांवरचे सील काढावे, ही विनंती.

८. इथवर अर्ज लिहून झाला होता आणि मी चपला घालत होते, तेवढ्यात प्लमचे झाकण करकरले. जाऊबाईंनी सासऱ्यांना दंडाला धरून ओढले. ते हलले नाहीत. मग मी छाटणीची कात्री घेऊन दोन्ही नळ्यांवरच्या तारा तोडल्या आणि लाख खरवडून काढली. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीवर आणि सीलवरचा "तोडल्यास शिक्षा" हा मजकूर वाचून हे केले. वायू पाचएक मिनिटे सुटत होता. पिंपे शाबूत आहेत, सासरेही.

९. म्हणून वरची विनंती मागे घेते आणि वेगळी करते. गुन्हा जरूर नोंदवावा, पण फक्त माझ्या नावावर. मी आणलेली कात्री आधी सासऱ्यांनी घेतली होती. वयामुळे त्यांच्याने तार तुटली नाही. तो प्रयत्नसुद्धा गुन्ह्यात धरायचा असेल, तर तोही माझ्याच नावावर लिहावा.

आपला आदेश मोडणारी, तरीही नम्र,

(सही)
धाकटी सून, परवानाधारकांकरिता

गुरुवार, दुपारी सव्वातीन

सोबत :
१) तोडलेले सील, दोन.
२) छताच्या पत्र्यात रुतलेल्या झाकणाचे छायाचित्र. मूळ झाकण निघत नाही.
३) कात्री, एक. पुरावा म्हणून ठेवून घेण्यास हरकत नाही, पण बागेची छाटणी राहिली आहे. तेवढी परत मिळावी.