दहा माणसं, एकतीस जानेवारीपर्यंत

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून मी कॅरॅक्टर डिझायनर. वय बेचाळीस, ही काही अडचण नाही. ऑनलाइन कोर्स घेतलाय. नागपूरच्या जागृती मॅडम शिकवतात. माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहेत, पण ज्ञानाला वय नसतं. रोजच्या जगण्यातली माणसं गुपचूप स्केच करायची आणि त्यातून पात्रं घडवायची. ३१ तारखेपर्यंत दहा. ज्याचं पात्र सगळ्यात चांगलं, त्याचं नाव मॅडम एका ॲनिमेशन स्टुडिओला कळवणार. म्हणजे माझं.

चौदा वर्षं फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांची मुंडकी कापून नव्या कुडत्यांवर चिकटवली. आता पुरे. फेब्रुवारीत राजीनामा.

माझी जमेची बाजू: मला माणसाचा चेहरा वाचता येतो. देणगीच आहे. सुरभीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मंग सिलिंडर संपून तीन दिवस झाले, हे माह्या चेहऱ्यावर काऊन नाई वाचलं. बायकोच्या चेहऱ्याला हा नियम लागू नसतो.

७ जानेवारी
सुरुवात पिपरी मेघेतूनच, घरासमोरून. रूपराव ओट्यावर दात घासत होते. उत्तम पोझ. नाक होतच आलं होतं, तेवढ्यात ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे माह्यं नाक आहे का? पाण्याचा तांब्या घेऊन घरात गेले. संध्याकाळी नमस्कार केला तर मान फिरवली. बारा वर्षांचा शेजार, आणि एका नाकापायी ही वागणूक.

निर्णय: ओळखीची माणसं मॉडेल म्हणून विश्वासाची नाहीत. रोज सकाळच्या बसने देवळी. तिथे मला कुणी ओळखत नाही. अकराला दुकान उघडायच्या आत परत.

८ जानेवारी
उठणं झालं नाही. थिअरी वाचली. अर्धं पान.

९ जानेवारी, सकाळी ८.१०, देवळी बसस्टँड
चंद्रभानच्या चहाच्या टपरीवरचा बाक पक्का केला. मॅडमचा पहिला नियम: मॉडेलला कळता कामा नये. म्हणून वेषांतर. दुकानातला क्लिपबोर्ड, एक जुनी फाइल, गळ्यात पट्ट्याचं कार्ड, कानावर पेन्सिल. असल्या माणसाकडे कोण ढुंकून पाहतं?

तीन स्केचेस. तिसरा गडी झकास. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, पीळदार मिशा, मित्रांत खदाखदा हसत होता. ओठापर्यंत आलो आणि त्याची नजर माझ्यावर पडली. हसू बंद. एकदम घरात मयत झाल्यासारखा चेहरा. अर्ध्या चित्रात ही दगाबाजी. खोडरबर झिजवून हसू पुसलं.

१० जानेवारी
मिशीवाला पुन्हा आला. शर्ट फाटका, खांद्यावर ठिगळ. काल इस्त्री, आज ठिगळ! मॅडम म्हणतात, कपड्यांवरून स्वभाव कळतो. यांच्या कपड्यांवरून मी काय कळून घ्यायचं?

तरी एक गोष्ट लक्षात आली. या तालुक्यातल्या माणसाच्या मनात खोल दुःख आहे आणि माझ्या पेन्सिलीसमोर ते आपोआप वर येतं. माझी देणगी, दुसरं काय.

१२ जानेवारी, रविवार
रविवारीही जायचं ठरलं होतं. पण कलावंताच्या डोळ्यांना विश्रांती लागते. दुपारी अडीच तास विश्रांती.

१३ जानेवारी
आज बाकावर जागा नव्हती, एवढी माणसं. आपणहून समोर येऊन बसतात, हलत नाहीत. मॅडम म्हणतात, पात्राचं घरदार माहीत पाहिजे. म्हणून विचारतो: घरात किती जण, भिंती कशाच्या, छत कसलं. लोक भडाभडा सांगतात. मी चित्राखाली लिहून घेतो. इतका विश्वास माझ्यावर सख्ख्या भावाने कधी टाकला नाही.

एक जण लंगडत आला, पूर्ण वेळ पाय धरून बसला. मग पुलगावची बस लागली तर सगळ्यांच्या आधी पळत जाऊन खिडकी पकडली. चित्रात पाय लंगडाच ठेवलाय. पहिलं इंप्रेशन खरं असतं.

चंद्रभान आता माझ्यासाठी वेगळी खुर्ची पुसून ठेवतो. कलेची कदर आहे माणसाला.

१५ जानेवारी
आज सापडली. आनंदाबाई, सत्तरीच्या पुढची, जवळच्या खेड्यातून चालत आली. डोक्याला तेल, ठेवणीतलं लुगडं, पाठ ताठ. बाकीच्यांसारखी रडवेली होत नाही. समोर बसली आणि म्हणाली, नीट लिहा बाप्पा, मांगच्या खेपेले माह्यं नाव राहून गेलतं. कुठल्या खेपेला ते मी विचारलं नाही, रेघ हातात होती. म्हणालो, आजी, या वेळी सगळ्यात वर लिहितो. तिच्यासमोरच फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहिलं. तिने ते बोट ठेवून पाहिलं.

घरची हकिगत विचारली. एकटीच राहते. मागच्या वादळात छपराच्या दोन टिना उडाल्या, त्या जागी जुना फ्लेक्स बांधलाय. वाढदिवसाचा, कुण्या साहेबाचा. वर्णनावरून आमच्याच दुकानातला निघाला, मीच कापलेलं मुंडकं. माझं काम किती दूरवर पोचलंय, हे पाहून ऊर भरून आला.

सहा स्केचेस. हीच माझी नंबर एक.

१८ जानेवारी
लोक आधार कार्डाच्या झेरॉक्स देऊ लागलेत. नको म्हटलं तरी खिशात कोंबतात. चित्र पूर्ण करायला चेहऱ्याचा रेफरन्स म्हणून देत असावेत. खेड्यातल्या माणसाला कलेची केवढी जाण! फक्त त्या फोटोत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. आजवर तेवीस झाल्या.

२१ जानेवारी, मंगळवार
आज एकही स्केच नाही.

मिशीवाल्याने सकाळी विचारलं, साहेब, घरकुलाची यादी कधी लागते? कसली यादी, म्हटलं मी. चंद्रभानने मला टपरीमागे नेलं. तिथे कळलं. पहिल्या दिवसापासून सगळा तालुका मला घरकुलाचा सर्वे करणारा साहेब समजतोय. जो जास्त गरीब दिसेल त्याचं नाव लागणार. म्हणून ठिगळ. म्हणून तो लंगडा. म्हणून ते सगळं खोल दुःख.

चंद्रभानला विचारलं, तुलाही असंच वाटलं? नाई भाऊ, म्हणाला, मले पहिल्याच दिवशी समजलं. साहेब लोक कुठं एवढ्या सकाळी येते? मग लोकांना सांगितलं का नाही? तर म्हणाला, गिऱ्हाइकी चांगली होऊन राह्यली होती.

माझा विश्वासघात झाला आहे. एकाने नाही, अख्ख्या देवळी तालुक्याने केला. मी त्यांना मन दिलं, त्यांनी मला खोटी तोंडं दिली. पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही.

सुरभीला सगळं सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा होती. ती भाजी निवडत म्हणाली, त्यायनं तुमाले फसवलं का तुमी त्यायले? आणि ज्यायचे कागद घेऊन बसले, त्यायले कोण सांगन? मी म्हणालो, हा कलेचा प्रश्न आहे, तुला नाही समजायचा. ती म्हणाली, नसन समजत. घरातसुद्धा माझ्या बाजूने कुणी नाही.

२४ जानेवारी
देवळीला गेलो नाही. बाणेदारपणा म्हणून. घरी बसून दहा पात्रं पूर्ण केली, मॅडमना पाठवली.

२७ जानेवारी, सोमवार
मॅडमचं उत्तर आलं. नऊ पात्रं एकाच साहेबासमोर उभी असल्यासारखी वाटतात, म्हणे. (हे त्यांनी कसं ओळखलं?) पण म्हातारी जिवंत आहे. ही बाई आपलं काम होणारच अशा खात्रीने बसली आहे, असा चेहरा वर्षभरात पाहिला नाही, असं लिहिलंय. स्टुडिओकडे तुमचंच नाव कळवते. सोबतचा फॉर्म ३१ला संध्याकाळपर्यंत भरा.

बघा! एक पुरे असतं. राजीनाम्याचा मजकूर तयार केला. फॉर्ममध्ये दोनच प्रश्न: पात्राला काय हवं आहे? त्याच्या आड कोण येतं? जाऊन आजीलाच विचारतो. देवळीला पाय न ठेवण्याची शपथ तात्पुरती स्थगित.

२९ जानेवारी
गेलो. आनंदाबाई त्याच जागी, त्याच लुगड्यात. आठ दिवसांपासून येऊन राह्यली, म्हणाली, तुमी दिसले नाई, बरं नोयतं का? मी पेन्सिलीला टोक करत विचारलं, गावाकडे काय नवीन? तिने मोठ्या आनंदाने सांगितलं. शनिवारी गावात एक माणूस मोबाइल घेऊन दारोदार फिरला. तुमचं घरकुलाचं नाव टाकू का, म्हणत होता. म्या त्याले परतवलं, म्हणाली. म्हटलं, माह्यं नाव साहेबायनं सगळ्यात वर लिहिलं आहे, दोनदा कायले? माह्या जागी दुसऱ्या गरिबाचं टाक.

बाजूला चंद्रभान चहा गाळत होता. तो हळूच म्हणाला, कालच बंद झाला सर्वे.

टोक तुटलं. मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मी साहेब नाही, फ्लेक्स करतो, चित्रं काढतो. तिला समजेना. मंग इतके दिवस तुमी काय लिहीत होते, म्हणाली. मी सहाही स्केचेस दाखवली. तिने एकेक हातात घेऊन पाहिलं. मीच आहो, म्हणाली. लय चांगलं काढलं बाप्पा. मग विचारलं, पण यानं नाव येते का?

मला लाज वाटली. एकवीस तारखेला कळलं होतं. शनिवार पंचवीसला होता. मधले दिवस मी घरी बाणेदारपणा करत होतो.

३० जानेवारी
दुकानात दांडी मारली. सुरभी सोबत आली. आजीला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. बाबू सभ्य होता. म्हणाला, पोर्टल बंद झालं, आता पुढची खेप येईल तेव्हा. कधी, ते त्यालाही माहीत नाही. मला विचारलं, तुम्ही कोणत्या ऑफिसचे? उत्तर सुरभीने दिलं: ऑफिसचे नाई, फ्लेक्सच्या दुकानातले.

तिथून बसस्टँडवर गेलो. तेवीस झेरॉक्सपैकी भेटले त्यांच्या परत केल्या. मिशीवाल्याने आपली झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. आज शर्ट इस्त्रीचा होता.

३१ जानेवारी, शुक्रवार, दुपारी ४.३०
फॉर्म उघडला.

पात्राला काय हवं आहे? लिहिलं: दोन टिना आणि यादीत नाव.

त्याच्या आड कोण येतं? आधी ‘पोर्टल’ लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, आधार कार्डावर असतं तसं पूर्ण: गजेंद्र किसनाजी ढगे, फ्लेक्स डिझायनर, पिपरी मेघे.

पाठवला नाही. दुकानात गेलो.